खोब्रागडे भाऊंचा दुसरा डबा

खोब्रागडे भाऊंच्या हातात डबा दिसला की माणसं उठून पळायची.

डबा साधाच होता, अॅल्युमिनियमचा, दोन कप्प्यांचा. अहेरीच्या पुढे, जिथे मोबाइलचा टॉवर आहे पण रेंज नाही, तिथे एका संस्थेचा चाळीस खाटांचा दवाखाना आहे. भाऊ तिथले टेलिफोन ऑपरेटर. अंगाने काटक, केस पिकलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि टेलिफोनच्या खोलीतल्या खुंटीवर रोज दोन डबे. पहिला स्वतःचा. दुसरा कुणाचा, हे सकाळी घरून निघताना भाऊंनाही माहीत नसे. त्या दिवशी ज्याच्या घरून मरणाची बातमी येईल, त्याचा तो डबा.

भाऊंचा नियम एकच. उपाशी माणसाला अशी बातमी सांगायची नाही. आधी त्याला बाजूला घेऊन बसवायचं, डबा उघडून समोर ठेवायचा, जेवू घालायचं, पाणी द्यायचं आणि मग सांगायचं. नियमात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. भानगड एवढीच झाली की तो सगळ्यांना कळला. वॉर्डात भाऊ डबा घेऊन शिरले की पेशंट पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचे आणि त्यांचे नातेवाईक संडासाच्या दिशेने चालू लागायचे. भाऊ ज्याच्यासमोर थांबत, त्याला जेवणाआधीच सगळं समजलेलं असे. तरी घास गिळावे लागत, कारण भाऊ समोरून हलत नसत.

एकदा दवाखान्यातल्या एका नर्सबाईंचं लग्न मूल गावी होतं. भाऊंनी हौसेने भाताची बादली उचलली आणि पंगतीत वाढायला आले. दवाखान्याची सगळी माणसं ताटावरून उठली. वधूपिता घाबरला, त्याला वाटलं भातात पाल पडली. दुसऱ्या वेळी भाऊंनी अकाउंटंटसाहेबांपुढे सहज चिवडा धरला, तर साहेबांनी चिवडा हातात तसाच ठेवून गडचिरोलीला सासुरवाडीत फोन लावला. सासूबाई ठणठणीत होत्या. हे कळल्यावर साहेब जरा हिरमुसले, असं भाऊ सांगत. भाऊ खोटं बोलत नसत, त्यामुळे मी विश्वास ठेवला.

दुसऱ्या डब्यात काय असायचं, तर मऊ भात आणि मुगाचं साधं वरण. मिरचीचं नाव नाही. भाऊंच्या स्वतःच्या डब्यात लालभडक रस्सा असायचा, त्याच्या नुसत्या वासाने मला ठसका लागे. पण दुसऱ्या डब्याबद्दल ते ठाम होते. "रडत्या गळ्याले तिखट चालत नाई." तो डबा त्यांनी कधी चाखूनही पाहिला नव्हता. "दुसऱ्याच्या दुःखातला घास आपन काऊन चाखावा?" संध्याकाळपर्यंत कुणाचं काही वाईट झालं नाही, तर डबा दवाखान्यामागच्या कुत्र्याला. मी कामाला गेलो की पहिल्यांदा त्या कुत्र्याकडे पाहायचो. कुत्रं रोडावलेलं असलं की समजायचं, महिना वाईट गेला.

मी चंद्रपूरचा. एका ठेकेदाराकडे टेलिफोनच्या तारांचं काम करतो. लोक मला इंजिनिअर म्हणतात आणि मी ते चालू देतो. एकटे भाऊ मला पहिल्या दिवसापासून 'वायरवाले' म्हणत, आणि तेच खरं आहे.

मला तिथे पाठवलं होतं ते जुनं निरोपाचं मशीन संस्थेच्या नागपूर ऑफिसच्या जाळ्याला जोडायला. खेड्यातून फोन येई, भाऊ वॉर्डात गेलेले असले की हे मशीन तो उचले आणि निरोप कॅसेटवर घेई. ॲनालॉग जमान्यातलं धूड, माझ्यापेक्षा वयाने थोडंच लहान. भाऊ परत येऊन निरोप ऐकत, रजिस्टरमध्ये लिहीत आणि वॉर्डात जाऊन ज्याचा त्याला पोचवत. पोचवत म्हणजे नुसता सांगत नसत. एकदा मी सोबत होतो. कमरेवर हात ठेवून, मान उडवत, भाऊ एका पेशंटवर ओरडले, "बंड्याच्या बापा, बैल कोनाकडे बांधून गेला तू? दोन दिवस झाले, मी शोधून राह्यली!" हुबेहूब बायकोचा आवाज. पाय प्लास्टरमध्ये असलेला तो नवरा खाटेवर मागे सरकला आणि म्हणाला, "आता सांगतो ना, कायले चिल्लावते?"

मशीनची खरी गंमत आत होती. कंपनीने त्यात एका बाईंचा आवाज भरून दिला होता, 'कृपया आपला निरोप ध्वनिमुद्रित करावा.' तो ऐकला की खेड्यातली माणसं फोन ठेवून देत. समोरून कुणी हूं की चूं करत नाही, तर बोलायचं कुणाशी? म्हणून भाऊंनी त्या बाईंना काढून टाकलं आणि एक जुना टेपरेकॉर्डर मशीनला जोडला. आता फोन लागला की भाऊंचा आवाज येई, "हालो, खोब्रागडे बोलतो. हं, बोला." मग जरा वेळ शांतता. मग, "हं… मंग?" पुन्हा शांतता. मग, "बरं… अजून?" आणि पुन्हा "हं… मंग?" बस, माणसं मोकळी होऊन बोलायची. सिरोंचाकडचा एक म्हातारा तर त्या टेपशी अर्धी कॅसेट भांडला होता. "एवढं सांगून राह्यलो अन् हा मानूस नुसता मंग मंग करते!" भाऊंनी ती जोडणी कुणाकडूनही न शिकता केली होती. मी मागचं झाकण काढून पाहिलं आणि मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

भाऊ एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नागभीडजवळच्या एका खेड्यात थोरली बहीण होती, तिला ते मोठी बाई म्हणत. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून तिनेच त्यांना वाढवलं. बायको गेल्यावर स्वयंपाकही तिनेच शिकवला, आणि तोसुद्धा ह्याच फोनवर. दर रविवारी भाऊ फोनमध्ये ओरडत, "बाई, वरन पातळ होऊन राह्यलं!" आणि पलीकडून एवढ्या मोठ्याने उत्तर येई की मला मधल्या तारेची गरजच वाटत नसे.

कागदावर माझं काम सोपं होतं. जुनं मशीन काढायचं नाही, कारण तो नंबर गावोगावी पाठ होता. फक्त त्याच्या पाठीमागून दोन तारा काढून नव्या पेटीत घालायच्या. पेटी निरोप नागपूरला पाठवणार, तिथलं यंत्र त्याचा मजकूर करणार आणि तो वॉर्डातल्या पडद्यावर उमटणार. वर एक यांत्रिक बाई तो मोठ्याने वाचूनही दाखवणार. सगळं मिळून एक मिनिट. मी भाऊंना हे समजावून सांगितलं.

"मिनिटात कोन जेवते, वायरवाले?" भाऊ म्हणाले.

मी हसलो. आज ते हसणं आठवलं की माझी मलाच चीड येते.

मी जोडून दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात जेवणाची रांग लागली होती. पोचू मडावी नावाचा एक माणूस बायकोच्या ऑपरेशनसाठी आला होता, तो हातात रिकामं ताट घेऊन रांगेत उभा होता. पडद्यावर अक्षरं आली आणि बाईंनी स्वच्छ आवाजात वाचलं, "खाट क्रमांक नऊ यांचे नातेवाईक. आपले वडील मयत झाले आहेत. त्वरित निघावे. धन्यवाद."

पोचूने ताट खाली ठेवलं. सावकाश ठेवलं, आवाज होऊ नये असं. आणि तो बाहेर चालू लागला.

भाऊ डबा घेऊन मागे धावले. त्या वयात, तुटक्या चपलेने, रस्त्यापर्यंत. अहेरीची बस उभी होती, पोचू चढला आणि बस सुटली. मी पोचलो तेव्हा भाऊ रस्त्याच्या कडेला डबा छातीशी धरून उभे होते.

"पाच घंट्याचा रस्ता हाये त्याचा," ते म्हणाले. "मंग नदी. मंग पायी. अन् सकाळपासून पोटात काई नाई."

मी म्हणालो, "भाऊ, काम आहे माझं ते."

"माझं बी कामच हाये, वायरवाले."

तिथेच दगडावर बसून त्यांनी मला ते सांगितलं. आवाज न बदलता सांगितलं, कुणाची नक्कल न करता. "माझी बायको गेली तवा मी औषधाच्या खिडकीसमोर लायनीत होतो. मोठा दवाखाना. खिडकीतून तो मानूस ओरडला, खोब्रागडे कोन? औषध राहू द्या, बाई गेली तुमची. दोन दिवसाचा उपाशी होतो मी. मंग लोक म्हनत, जेव, जेव. तवा कोन जेवते? तिले उचललं अन् मले भोवळ आली. चार पावलं नाई चाललो. बायकोले खांदा नाई देता आला मले." त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. "रडाले बी ताकद लागते, वायरवाले."

मला त्या दिवशी माझी, नागपूरची आणि त्या बाईंच्या धन्यवादाची मनापासून लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी मशीन आणि पेटी यांच्यामध्ये एक बटण बसवलं. निरोप आला की लाल दिवा लागणार, आणि भाऊ बटण दाबेपर्यंत निरोप खोलीतून हलणार नाही. अहवालात 'विलंबाचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, लाईन जुनी आहे. नागपूरहून विचारणा आली, ही लाईन कधी बदलणार? मी कळवलं, दोन वर्षांनी. भाऊंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती.

त्यानंतर मी अधूनमधून देखभालीला जात असे. कुत्र्याकडे पाहायचं, लाईन तपासायची, भाऊंचा चहा प्यायचा. चहा प्यायला मी भीत नसे, फक्त त्यांनी खायला काही पुढे केलं की आधी लाल दिव्याकडे पाहायचो.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. सकाळी अकराच्या सुमारास मी हेडफोन लावून लाईन तपासत होतो. भाऊ वॉर्डात गेले होते. कुणाच्या तरी घरी मुलगी झाली होती, तो निरोप ते रडत्या बाळाच्या आवाजासकट पोचवणार होते. तेवढ्यात फोन वाजला आणि मशीनने उचलला.

"हालो, खोब्रागडे बोलतो. हं, बोला," टेप म्हणाली.

"मामा, मी बोलून राह्यलो. मामा, आई गेली."

"हं… मंग?" टेपमधले भाऊ म्हणाले.

"पानी भरून आली अन् अंगनातच बसली. मी हाक मारली. बोललीच नाई."

"बरं… अजून?"

"तुमी या, मामा. तुमच्याबिगर उचलत नाई आमी तिले."

"हं… मंग?"

ते यंत्र आहे हे त्या भाच्याला नक्कीच माहीत होतं. तरी तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत राहिला, आणि भाऊंचा आवाज त्याला पुढे विचारत राहिला. मला हेडफोन काढता येईना. शेवटी कॅसेट थांबली आणि लाल दिवा लागला.

भाऊ परत आले ते खुशीत होते. "पोरीच्या बापानं पेढा खाऊ घातला मले! माह्या हातचं कोनी खात नाई, पन मले देतात." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "काऊन गप बसले?"

"भाऊ, जेवलात का?"

"साडेअकराले जेवतो मी. तुमाले माहीत हाये."

मी उठलो. खुंटीपाशी गेलो. माझा हात पहिल्या डब्याकडे गेला नाही हे त्यांनी पाहिलं. मी दुसरा, अॅल्युमिनियमचा डबा काढला, टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि म्हणालो, "भाऊ, आधी जेवून घ्या."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग लाल दिव्याकडे. त्यांना फोन करणारं जगात एकच घर उरलं होतं, त्यामुळे कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. त्यांनी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेऊन हात धुतले, खुर्ची ओढली आणि जेवायला बसले.

मी समोर उभा राहिलो, ते उभे राहत तसा. पहिला घास त्यांच्या तोंडात बराच वेळ राहिला. मग दुसरा. वरण भातावर ओतलं, कालवलं, खाली मान घालून खात राहिले. मध्ये एकदा हात थांबला, तेव्हा मला वाटलं आता उठतील, पण त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा सुरू केलं. शेवटचं शीतही ठेवलं नाही. मला रडू येत होतं आणि मी ते दाबत होतो, कारण पाळी माझी नव्हती.

भाऊंनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

"मीठ कमी हाये," ते म्हणाले. "इतके वर्ष खाऊ घातलं लोकायले. कोनी सांगतलं नाई मले."

हात धुतले, शर्टाला पुसले, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "मंग?"