आप्पांच्या पाइपांचे कपडे

आधी माझी चूक सांगून टाकतो. मी आप्पांच्या पाइपांचे कपडे फाडले. तेही ते गावाला गेले असताना.

टिळकवाडीतल्या आमच्या इमारतीत चार बिऱ्हाडं. गच्चीवर सगळ्यांचा मिळून एक सोलर, आणि त्याच्या टाकीतून चार पाइप चार घरांकडे उतरतात. पाणी वाटेत निवू नये म्हणून पाइपांवर काळ्या फोमची नळी चढवलेली असते. या नळीचा उन्हाने खडूसारखा भुगा होतो आणि उरलेली कावळे उपसून नेतात. बाकी तिघांना याची काहीच पडलेली नव्हती. आप्पांना मात्र दुसरं काही सुचायचं नाही.

आप्पा कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. फोमच्या हत्येचा खटला त्यांच्या डोक्यात कायम चालू असे. "ऊन आरोपी नंबर एक. कावळा नंबर दोन. आणि ती खार हाय न्हवं, ती जामिनावर सुटलीया." कोणी गीझर लावायचा विषय काढला की ठरलेलं वाक्य यायचं, "पाणी तापतंय फुकटात आणि निवतंय वाटंत! वाट सांभाळा की!"

वाट सांभाळायला त्यांनी फ्लेक्स शोधून काढला होता. चौकात कुठल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागला की आप्पा स्कूटरवरून जाऊन माप बघून यायचे. वाढदिवस उलटला की दोरी घेऊन हजर. "झाला न्हवं वाढदिवस? द्या साहेबांना हिकडं. कामाला लावतो." मग त्याच्या पट्ट्या कापून फोमवर गुंडाळायच्या आणि तारेने आवळायच्या. आमच्या गच्चीवर कुणाची अर्धी मिशी, कुणाचे जोडलेले हात, कुणाचा गॉगल असे पाइपभर पसरलेले असत. "निवडून आल्यापास्नं पहिल्यांदाच कामाला लागल्यात," आप्पा म्हणायचे.

आमचं गाव सीमाभागातलं, त्यामुळे फलक मराठीही असत आणि कानडीही. एकदा एका पाहुण्याने विचारलं, "आप्पा, मराठीच्या वर कानडी कशाला गुंडाळलंय?"

"पाऊस वरनंच पडतोय की. भिजू दे त्याला."

तेवढ्यात समोरच्या घरातले कानडी शेजारी कपडे वाळत घालायला आले. आप्पांनी लगेच बोट दाखवलं. "त्या पलीकडच्या पायपावर उलटं हाय बघा. दोन्हीतनं पाणी सारखंच येतंय."

रोज सकाळी ते गच्चीवर जाऊन प्रत्येक पाइपावर तळहात ठेवायचे, तापलेल्या पोराचं अंग बघावं तसा. त्यांच्या स्वतःच्या घराकडे जाणाऱ्या पाइपावर हात जरा जास्त रेंगाळायचा. सगळ्या पाइपांवर पुढाऱ्यांची तोंडं बाहेर, कावळे भितात म्हणून. या एकावर मात्र कोरी पांढरी बाजू बाहेर. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ती शीट उलटीच बरी."

मी इमारतीचा सेक्रेटरी. माझ्या मुलीचा साखरपुडा गच्चीवर ठरला. पाहुणे निपाणीचे. हे मिशा-गॉगल बघून ते काय म्हणतील, या विचाराने मला झोप लागेना. आप्पा कणकुंबीला बहिणीकडे गेले होते. मी ब्लेड घेऊन वर गेलो आणि सगळे पाइप सोलून काढले.

शेवटी तो पांढरा फ्लेक्स. तो अख्खाच्या अख्खा होता, पट्ट्या न कापता घडी घालून गुंडाळलेला. उलगडला, तर आत आक्का. आप्पांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या तेव्हा गल्लीतल्या पोरांनी कोपऱ्यावर लावलेला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फलक. माझं ब्लेड त्यांच्या पदरातून आरपार गेलं होतं.

बाकीचे तुकडे कचऱ्याच्या गाडीत गेले. आक्कांना मी गुंडाळी करून माळ्यावर लपवलं. निपाणीच्या पाहुण्यांनी पाइपांकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष बासुंदीकडे होतं.

आप्पा परत आले आणि पिशवी हातात तशीच घेऊन गच्चीवर गेले. मी मागोमाग. आपल्या घराकडच्या उघड्या पाइपावर त्यांनी तळहात ठेवला.

"मोकळं मोकळं दिसतंय की, सेक्रेटरी." मग हळूच, "सगळंच टाकलासा?"

फाटलेला पदर दाखवायची हिंमत झाली नाही. मी "हो" म्हणालो.

"व्हय," म्हणून ते खाली उतरले. त्यानंतर ते गच्चीवर आलेच नाहीत. कावळे फोम ओढून नेऊ लागले, तरी खटल्यातला एक शब्द नाही. आमच्याकडे पाणी कोमट यायला लागलं. बायकोला मी खरं सांगितलं होतं. ती बादलीत हात घालून म्हणाली, "अजून किती दिवस आक्कांना माळ्यावर ठेवणार आहात?"

रविवारी सकाळी गुंडाळी काखेत घेऊन मी आप्पांचं दार वाजवलं. "आप्पा, मी खोटं बोललो. टाकला नव्हता. पण फाटलाय. माझ्या हातून."

त्यांनी फ्लेक्स जमिनीवर पसरला. पदरावरच्या चिरेवरून बोट फिरवलं. "हिचा पदर कुठंतरी अडकून फाटायचाच. जित्तेपणी काय कमी फाडल्यात?" मग माझ्याकडे न बघता बोलत राहिले. "रस्त्यावर पावसात भिजत हुती. एवढी मोठी घरात लावावी तर बघवंना. टाकू कुठं? सकाळच्या गार पाण्यात हात घालवत नव्हता तिला. म्हटलं, बस हितं ऊबंला."

आम्ही दोघे गच्चीवर गेलो. आप्पांनी नवा फोम चढवला, चिरेवर आतून टेप लावली. मी फ्लेक्स धरला. तोंड आत वळवता वळवता थांबून मी म्हणालो, "आप्पा, मला माफ करा."

"माझी कशाला मागतोस रं?" ते तार सोडवत म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अरे-तुरे. "तिला सांग. आत जायच्या आधी."

मी फ्लेक्स थोडा वर उचलला. आक्का हसत होत्या.

"आक्का, चुकलो," मी म्हणालो, आणि त्यांचं तोंड हलकेच उबेकडे वळवलं.