राख नसलेली सिगारेट

आमचे टेक्सासमधल्या शुगर लँडचे शेजारी दिघेकाका इलेक्ट्रॉनिक सिगारेटची राख झटकायचे. चार झुरके झाले, की कॉफीच्या रिकाम्या डब्यावर टिचकी.

"काका, हिला राख कुठली?"

"ते हाताला सांगा. ट्रायल चालू आहे."

काका रिटायर्ड पाइपलाइन इंजिनीअर. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूची त्यांची ट्रायल असायची. मिक्सरची सात वर्षं चालली होती.

तीस वर्षं ते गॅरेजबाहेर घडीच्या खुर्चीवर बसून सिगारेट ओढत आले. घरात ओढायची नाही, हा काकूंचा नियम. वेळ झाली की काकू स्वयंपाकघराच्या खिडकीवर चमच्याने टकटक करायच्या. काका "हो, आलोच" म्हणायचे आणि आणखी पाच मिनिटं बसायचे. काकू जाऊन दोन वर्षं झाली, तरी खुर्ची तिथेच होती.

२००८ साली डॅलसला त्यांच्या लेकीला, श्वेताला, मुलगी झाली. श्वेताने फोनवर सांगून टाकलं, "बाबा, सिगारेट सुटली की बाळाला घेऊन येते. आधी नाही." काकांनी चार महिने नात फोटोतच पाहिली. मग इंटरनेटवरून ही नवी वस्तू मागवली.

पार्सल आलं त्याच दुपारी काका माझ्या दारात. "डिफेक्टिव्ह पीस पाठवलाय. दिवा नाही, वाफ नाही."

मी फार्मसीत नोकरी करते. तेवढ्या पुण्याईवर गल्लीतली प्रत्येक बंद पडलेली वस्तू माझ्याकडे येते. नळी उघडली तर आट्यांमध्ये लाल-पिवळी पूड.

"हे काय?"

"हळदकुंकू. नवीन यंत्र सुरू करण्याआधी वाहायला नको? नवी कार आली की ही वाहायचीच."

"काकू बॉनेटवर वाहायच्या. इंजिनात नाही."

कापसाच्या काडीला स्पिरिट लावून मी ते पुसलं. टोकाचा दिवा लागला. काकांनी एक झुरका घेतला, आणखी एक घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ही संपणार कधी? सिगारेट संपली की माणूस उठतो तरी."

तरीही महिनाभर त्यांनी खऱ्या सिगारेटला हात लावला नाही. मग सिगारेट सुटल्याचं ऐकून श्वेता बाळाला घेऊन आली. मी पोळ्या घेऊन गेले, तेव्हा काका तिला ते यंत्र दाखवत होते. "सिगारेट बंद! ही नुसती वाफ."

"ह्यात निकोटिन आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आहे," मी म्हटलं. खोटं बोलून काय मिळणार होतं?

"मग तू सोडली नाहीस, बाबा. फक्त ब्रँड बदललास."

"अगं, ट्रायल..."

"मग ट्रायल संपव. तोवर बाळ माझ्याकडे."

काकांनी बाळाकडे पाहिलं. मग यंत्र, चार्जर, सगळं खोकंच माझ्या हातात दिलं. "तुमच्याकडे ठेवा. मागितलं तरी देऊ नका." आत जाऊन शर्ट बदलला, कोपरापर्यंत हात धुतले आणि ओले हात पुढे केले. श्वेताने आधी टॉवेल दिला, मग बाळ.

पुढच्या दोन दिवसांत त्यांनी ते यंत्र चारदा मागितलं. मी दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढत होते. काका त्याच खुर्चीवर, मांडीवर नात. ऊन चढायला लागलं होतं. आतून श्वेताने हातातला चमचा खिडकीवर वाजवला. टकटक.

काका मागे न बघताच म्हणाले, "हो, आलोच."

आणि लगेच उठले.