बघायला पैसे नाहीत

हणमंतअण्णांच्या घरी इंटरनेटवर नोकरी शोधायची तर आधी पाय धुवावे लागतात. बाहेरच्या खोलीत जमिनीवर पांढरीशुभ्र चादर, चादरीवर मांडी घालून अण्णा, आणि त्यांच्यासमोर पाटावर माझा जुना लॅपटॉप. पहिल्या दिवशी मी खुर्ची ओढली, तर ते जवळजवळ ओरडलेच. "खुर्ची बेडा, नको, इंजिनियरसाहेब! खुर्चीत बसून कधी धंदा झालाय का? खाली या."

अण्णा चिकपेटेतल्या एका साड्यांच्या दुकानात चाळीस वर्षं असेच पांढऱ्या गादीवर बसले. घराणं मराठी, पण कैक पिढ्या बेंगळुरातच गेल्या. मी पुण्याकडचा, सरकारी कारखान्यात इंजिनियर, बसवनगुडीत त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. एका संध्याकाळी खालून हाक आली. हाक नेहमी खालूनच येई. अण्णा जिना चढून वर कधी आले नाहीत. घरमालकीचा तोरा, असं मी मनात म्हणायचो.

"दुकान सोडलं मी," अण्णा म्हणाले. "त्या तुमच्या इंटरनेटात घरबसल्या काम मिळतं म्हणे. स्वल्प दाखवा की."

अट एकच होती. फी द्यायची नाही. नोंदणीची नाही, प्रशिक्षणाची नाही, कसलीच नाही.

"आमच्या दुकानात बाई चाळीस साड्या उलगडायला लावायची आणि एकही न घेता जायची. आम्ही काय म्हणायचो? पुन्हा या अक्का. बघायला पैसे नाहीत. आता मी काम बघतोय, ते मला बघतायत. पैसे कसले?"

झालं. रोज संध्याकाळी सहाला आमची बैठक सुरू झाली आणि मला कबूल केलं पाहिजे, सुरुवातीला मला तिचं व्यसनच लागलं. एका पानावर लाल अक्षरं लुकलुकत होती, 'फक्त तीन जागा शिल्लक'. अण्णांनी मांडीवर थाप मारली. "शेवटचा पीस! अहो, हे चाळीस वर्षं मी म्हटलंय! अक्का, शेवटचा पीस आहे, आणि आतल्या कपाटात तसलेच दोनशे! पुढं चला."

दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. काम पक्कं, फक्त थोडी अनामत भरायची आणि ती नंतर परत मिळणार, असं ती गोड आवाजात समजावत होती. अण्णांनी आपल्या चिकपेटी हिंदीत विचारलं, "वापिसच देनेका तो लेनेका कायकू, अम्मा? हमारेच पास रहने देव ना!" पलीकडे खुदकन हसणं, मग फोन बंद. "पोरगी चांगली आहे," अण्णा म्हणाले. "वाईट दुकानात लागलीय."

आता जे सांगायचं टाळतोय ते सांगतो. तिसऱ्या महिन्यात मला कंटाळा आला. ऑफिसातून यायचं, पाय धुवायचे, फी नसलेली नोकरी शोधायची. अण्णांना टायपिंगची एक कंपनी आवडली होती, पण ती फी मागत होती. एका दुपारी ऑफिसात बसून मी अण्णांच्या नावानं ती फी गुपचूप भरून टाकली. दयेपोटी भरली असती तर आज इतकं लागलं नसतं. माझी संध्याकाळ मोकळी व्हावी म्हणून भरली.

'आपली निवड झाली आहे' असा निरोप आला तेव्हा अण्णांची हाक अख्ख्या गल्लीला ऐकू गेली. "फी न घेता! मी म्हणत नव्हतो?" त्यांनी शेजारीपाजारी मैसूरपाक वाटला. मला दोन तुकडे दिले. मी ते खाल्लेही.

आठ दिवस अण्णा एका बोटानं टाइप करत होते. नवव्या दिवशी कंपनीचा निरोप आला. चुका फार, दंड भरा, नाहीतर खटला.

"साहेब, आत टाकतात का हो असल्याला?" चादरीवर बसलेल्या अण्णांनी विचारलं. "मी आत गेलो तर इथं कोण?"

इथं कोण म्हणजे काय, हे विचारण्याच्या स्थितीत मी नव्हतो. मी सगळं सांगून टाकलं. फी मी भरली, कंपनी खोटी, धमकीही खोटी, कुणी काही करणार नाही. अण्णांनी लॅपटॉप हळूच मिटला.

"तुम्ही शिकलेले लोक पाकीट फार लवकर काढता," ते म्हणाले. मग चादरीवरची सुरकुती हातानं सरळ करत, "म्हणजे मला कुणी निवडलंच नव्हतं."

चार दिवस हाक आली नाही. सहा वाजले की मी जिन्यावर येऊन उभा राहायचो आणि परत आत जायचो. त्या चार दिवसांत मी एकट्यानं जेवढं शोधलं तेवढं तीन महिन्यांत शोधलं नव्हतं. आणि सापडलं! व्हाइटफील्डमधल्या एक बाई विणकरांच्या साड्या परदेशातल्या गिऱ्हाइकांना व्हिडिओवरून विकत होत्या. साड्या दाखवणारं माणूस हवं होतं, घरून चालणार होतं. खाली लिहिलं होतं, फी नाही, मुलाखतीत घरच्याच साड्या उलगडून दाखवा.

मी धावत खाली गेलो, पाय धुतले, चादरीवर बसलो.

"तुम्ही काही भरलं नाही ना?"

"नाही अण्णा."

"आईची शप्पथ?"

बावन्नाव्या वर्षी मी गळ्याला चिमटी लावून आईची शपथ घेतली.

शनिवारी सकाळी अकराला कॅमेरा सुरू झाला आणि एका बोटानं टाइप करणारा म्हातारा गायब झाला. अण्णांनी मनगटाला एक झटका दिला. अख्खी साडी हवेत उलगडली आणि चादरीवर उतरली. पदर त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर. "नोडी मॅडम, हा काठ बघा. उन्हात वेगळा, दिव्यात वेगळा." दुसरी साडी, तिसरी साडी! पडद्यावरच्या बाई प्रश्न विचारायचं विसरल्या. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. अण्णांच्या बायको, सावित्रीअक्का. त्या नेहमी आतच असत. बुजऱ्या असतील, असं मी समजून होतो. त्या येऊन चादरीच्या कडेला अंग चोरून बसल्या आणि घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "किती हो हिचे? मी पैशाची पिशवी आणलेली नाही."

गेली नोकरी, मला वाटलं.

अण्णांनी कॅमेऱ्याकडे चक्क पाठ फिरवली. "बघायला पैसे नाहीत, अक्का," ते म्हणाले. "आरामात बसा. सावकाश बघा."

स्वतःच्या बायकोला अक्का. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे अनोळखी नजरेनं बघणाऱ्या सावित्रीअक्कांकडे. अण्णांनी न चढलेला जिना, सोडलेलं दुकान, घरबसल्याच हवं असलेलं काम. तीन महिने हे सगळं माझ्यासमोर उलगडून ठेवलेलं होतं आणि मी बघितलं नव्हतं.

पडद्यावरच्या बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "अण्णा, सोमवारपासून सुरू करायचं?" अण्णांना ऐकूच गेलं नाही. त्यांच्या वतीनं मीच कॅमेऱ्यासमोर वाकून जोरजोरात मान हलवली.

सावित्रीअक्कांचा हात एका वांगी रंगाच्या साडीवर थांबला होता. साडी जुनी होती, नेसून मऊ झालेली.

"ही बाजूला ठेवा," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांना दाखवून मग घेते. येतीलच ते आता."

अण्णांनी ती साडी तिच्या जुन्याच घड्यांवर दुमडली आणि मांडीशी ठेवली.

"सरी अक्का, ठेवतो. ते येईपर्यंत कुणाला देत नाही."