माकणीच्या दगडी दाण्यावरील स्वारी

दख्खनवर तापल्या पाषाणाचा रस वाहात होता, त्या काळाचे वर्तमान समग्र लिहावे इतके आयुष्य कोणास नाही. सबब त्यातील एका दाण्यापुरती हकीकत येथे रुजू करितो.

ऐसे जे, माकणी गावी श्रीपती आप्पांची कन्या रोहिणी, दगड जाहलेले जुने जीव अभ्यासणारी, तिने काळ्या खडकाच्या दोन थरांमधील गाळातून एक दाणा जिंकून आणिला, आणि तो साडेसहा कोटी वर्षांमागे कोण्या झाडाचे फळ होता, आणि आकाराने ज्वारीएवढा, आणि मुलखात दुसरा नाही. मग तिचे मार्गदर्शक, खासे विरुपाक्ष सर, यांचा हुकूम सुटला की, बाहेरून काही उमगत नाही, तरी मधोमध करवत चालवून पातळ चकती करावी. रोहिणीने हिशेब मांडिला: कापला की दाणा गेला, आणि आत काही न निघाले तर अभ्यासही गेला. तिने अर्ज गुजारिला की, इंदूर मुक्कामी क्ष-किरणांचे थोर यंत्र आहे, ते न कापता आतले दाखविते. सरांची मर्जी मोठ्या कष्टाने वळली: किरणांस काही दिसले तर दाणा तुझा, न दिसले तर करवतीचा.

मग कूच करण्याच्या सकाळी तिने दाणा धुऊन बशीत घातला, आणि बशी अंगणात उन्हाला ठेविली, आणि त्याच अंगणात पालावर रानातली ज्वारी पसरली होती, आणि आप्पा पाहणीस निघाले. ज्वारी वाळली किंवा कसे, हे दाणा दाताखाली धरून पाहावे, हा त्या मुलखाचा कदीम दस्तूर. बशीतला दाणा निराळा काढला तो नमुन्याचाच असणार, ऐसे मनी आणून त्यांनी तो दाढेस दिला.

कट्ट.

“लई वाळली की!” आप्पा म्हणाले, आणि तळहातावर अर्धी दाढ पडली.

“आप्पा! दगड हाय त्यो!”

“व्हय? तरीच म्हनलं.”

“दिसंल ते तोंडात घालायला,” आई चांगुणा कडाडल्या, “लहान लेकरू हाव का तुमी?”

त्यावर रोहिणी पित्यास जे बोलली ते—

(येथे कागद कसरीने खाल्ला आहे. बरेच जाहले.)

दाणा परत हाती आला, परंतु अंगावर चीर. वर्तमान सरांस कळताच दुसरा हुकूम आला की, चिरलाच आहे, आता करवतीचे भय कसले? रोहिणीने फोन ठेविला, दाणा कापसात गुंडाळिला आणि त्याच पावली इंदूरची वाट धरिली. इकडे आप्पांची रवानगी तालुक्यास, दातांच्या दवाखान्यात. तेथेही क्ष-किरण, येथेही क्ष-किरण. बाप आणि दाणा एकाच पेचात. दाढेचा निकाल लगोलग लागला: चीर मुळापावेतो गेली, उपटावी.

ते वाटेत फोनवर ऐकून रोहिणीने दाण्याभोवती कापसाचा आणखी एक वेढा दिला.

इंदुरी दाणा सुईच्या टोकावर मेणाने बसविला, आणि तो जराजरा फिरत राहिला, आणि किरणांनी चहू अंगांनी छायाचित्रे घेतली, आणि मग संगणकाने ती जुळवून करवतीवाचून काप पाडिले. पहिला काप: चीर. पुढला: चीर. त्यापुढला: चीर. मग चीर टरफलातच थांबली. आत कप्पे दोन. एकात बी, शाबूत, जणू उद्याच पेरायची. दुसऱ्यात बी नाही. भिंतीपासून गाभ्यापर्यंत वाकडेतिकडे भुयार, फळ ओले असता कोण्या अळीने पोखरलेले. ऐसे मोल कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

तिने घरी फोन लाविला.

“म्हंजी माझ्या आदीबी कुनीतरी चाखलंय,” आप्पा सुजल्या गालाने म्हणाले. “मग मलाच का वरडायलीस?”

सरांनी करवत म्यान केली. फत्ते जाहली. खर्ची पडली ती दाढ एक. आणि दाण्याच्या नोंदीत रोहिणीने स्वहस्ते लिहिले: खाण्याच्या खुणा दोन. पहिली, अळी, नाव अज्ञात. दुसरी, श्रीपती, राहणार माकणी.