आधी नखं दाखवा

या, असं जवळ या. दारात उभं राहून काय बोलायलात परक्यावानी? ताडकळसच्या बाजारला दोनदा आलात म्हणे, अन् दोन्ही वेळेस आमच्या गावावरनं गाडी तशीच पुढं दामटली. शोभतं का हे? बरं, राहू द्या. बसा. आणि बसल्या बसल्या आधी तुमची नखं दाखवा.

हसू नका. ही खोड माझी नाही, शेजारच्या मारोतीभाऊंची. आम्हाला सगळ्या गल्लीला लागली, एवढंच.

भाऊ सत्तरीचे, काटकुळे. दुसऱ्यांच्या करदोड्याला कपाटाची किल्ली असते, यांच्या करदोड्याला नेलकटर. खुशाली विचारायची ती नंतर. मला म्हणणार, "जय भीम, आक्का. हात पुढं करा." तलाठी आला तरी तेच. एकदा त्यांच्या भाचीला बघायला पाहुणे आले, तर नवऱ्या मुलाचा हात धरून म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पण करंगळीचं नख राखतंय. फळाला न्हाई चालायचा." अहो, सोयरिक फळाची होती का? पण त्या पोरानं तिथंच ओट्यावर बसून नख काढलं, तेव्हा कुठं आतनं चहा आला.

त्याला कारण आहे, बरं का. भाऊंची केळी जहाजानं आखातात जातात. हिरव्या केळाला नख लागलं तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. चार-आठ दिवसांनी तिथं बारीक काळी चंद्रकोर उमटते, आणि तिकडचा घेणारा नाक मुरडतो. म्हणून कापणीच्या दिवशी केळी भरायच्या शेडमधी आम्ही सगळ्या बाया शाळेतल्या पोरींसारख्या हात पुढं करून रांगेत उभ्या. गड्यांची नखं तर भाऊ स्वतः काढायचे. यंदा मात्र नेलकटर नुसता पुढं करायचे, "तुमचं तुमीच काढा, मला लय कामं हायेत." मी काही मनावर घेतलं नाही.

केळी टाकीत धुऊन, फणी-फणी खोक्यात बसली की झाकण लावायच्या आधी भाऊ यायचे. वरच्या फणीवरनं हात फिरवायचे अन् म्हणायचे, "जा बाई. नीट जा." प्रत्येक खोक्याला. शेकड्यांनी खोकी असली तरी शेकडो वेळा. गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून झोपी जायचा.

आणि दर खेपेची एक फणी घरी ठेवायची. ती ते स्वतः तोडणार, स्वतः धुणार, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाहीत. घरात माठाशेजारी ओल्या पोत्याखाली तिला निजवायची. "ही गेलेल्यांची बहीण," म्हणायचे. "तिकडं काय चाललंय ते हिच्यावरनं कळतंय." गाडी गेली की मोठ्यानं बोलायची चोरी. माझ्या कुकरची शिट्टी झाली तरी भिंतीपलीकडनं आवाज यायचा, "आक्का, हळू! ते समुद्रात हायेत."

"भाऊ, समुद्रात माजा कुकर ऐकू जायलाय का?"

"तुमाला काय म्हाईत," म्हणायचे, की बोलणं खलास.

गयाबाई, त्यांची मालकीण, जाऊन दोन वर्षं झाली. तवापासून त्या घरात हे आणि ती फणी, दोघंच.

तर यंदाच्या एका खेपेला तिकडनं मोबाईलवर फोटो आले. काळ्या चंद्रकोरी. खोक्यामागून खोकं, आणि सगळीकडं फक्त वरच्याच फणीवर. भाऊ शेडमधी आले, मोबाईल तसाच हातात.

"वरची फणी कोण बसवत होतं?"

माझी सून, सुमन. तिचा हात हलका म्हणून ते काम तिच्याकडं. "मीच की, मामा."

"उद्यापासून फळाला हात लावायचा न्हाई. झाडलोट कर."

वीस बायांच्या देखत. सुमननं हात पुढं केले, पार मासापर्यंत काढलेली नखं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आता तुम्हाला वाटेल, झाडू काय अन् फणी काय, काम ते काम. तसं नसतं. हिच्या नखानं माल नासला असं एकदा नाव पडलं की आसपासच्या एकाही शेडमधी बाईला उभं करत नाहीत. सुमन घरी आली, भाकरी थापल्या, जेवली नाही.

मी पदर खोचला अन् शेजारी गेले. काय काय बोलायचं ते सगळं आधीच पाठ केलं होतं. भाऊ माठापाशी पाटावर बसलेले, मांडीवर ती घरची फणी. पिवळी पडायला लागली होती. मी तोंड उघडलं अन् तिकडं बघून थांबले.

तिच्यावरही चंद्रकोरी.

"भाऊ, हिला कुणाचा हात लागला?"

त्यांनी पोतं ओढून फणी झाकली.

"सुमन तर हिकडं आली न्हाई."

"न्हाई आली."

इतक्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा मी त्यांचा हात धरला. उजवा थरथरत होता, मुठीत पाखरू धरल्यासारखा. डाव्या हाताची नखं काही वाढलेली, काही दातानं तोडल्यासारखी. उजव्यात नेलकटर ठरत नव्हता, मग डाव्याची नखं काढणार कोण? आणि उजवा थरथरतो म्हणून खोक्यांवरनं फिरवायचे तो डावाच. 'नीट जा, नीट जा' म्हणत.

"कवापासून हे?"

"दिवाळीपासून."

"मग सांगायचं न्हाई का?"

"गया काढायची," एवढंच म्हणाले. "दर रविवारी. ओट्यावर."

पाठ केलेलं भांडण मी तसंच घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी सुमनला मी बळंच शेडवर नेलं. भाऊ सगळ्यांसमोर उभे राहिले. "फळाला नख माजं लागलं. सुमनचं न्हाई." टाकीची मोटर चालू होती, मागच्या बायांना ऐकू गेलं नाही. त्यांनी मोटर बंद करायला लावली अन् तेच पुन्हा मोठ्यानं म्हणाले. मग करदोड्याची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. शेवटी हिसडा दिला, दोरा तुटला. नेलकटर सुमनपुढं धरला अन् आमच्यासारखेच हात पुढं करून उभे राहिले.

"बग, माय."

सुमननं दाराकडं बघितलं. मला वाटलं, आता निघून जाती. मग तिनं पदराला हात पुसले, त्यांना खोक्यावर बसवलं अन् दोन्ही हात मांडीवर घेतले.

"हलवू नका, मामा."

"मी न्हाई हलवत. त्यो उजवा आपला आपण हलायलाय."

सुमननं डाव्याचं पहिलं नख काढलं.

नेलकटर आता सुमनकडं असतो. वरच्या फणीवरनं भाऊ अजून हात फिरवतात, पण पालथा. अन् रविवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर येऊन बसतात. नखं वाढलेली असोत की नसोत. सुमन पण काही म्हणत नाही, दहाही बोटं एक एक करून बघती.

तेव्हा पुढच्या वेळेस बाजारच्या घाईत नाही, एखाद्या रविवारी सवडीनं या. लवकर या. आणि येताना नखं काढून येऊ नका. ओट्यावर बसलेल्या त्या माणसाला रागवायला कुणीतरी लागतं.