चाळीस नंबर म्हणजे मी

मिलानमध्ये कपड्यांचं चाळीस नंबरचं माप कुणाला पुस्तकात बघायचं असेल तर खुशाल बघावं. आमच्या मालकीणबाई सिन्योरा क्लेलियांच्या फॅशनच्या कारखान्यात चाळीस नंबर म्हणजे मी, ओर्नेला! रॅम्पवर मिरवणाऱ्या मुली दर हंगामाला बदलतात. मी मात्र चौदा वर्षं पडद्यामागे ठाण मांडून आहे. प्रत्येक कपडा आधी माझ्या अंगावर बेतला जातो आणि मग माझ्या मापाच्या मुली शोधून त्यांच्या अंगावर चढतो. कपडे बेतणारे ओरेस्ते मास्तर सगळ्या जगाला टेप लावतात, मला कधीच लावत नाहीत. मोजपट्टीला कोण मोजतं?

ऑगस्टात सगळं मिलान कुलूप लावून गावाला जातं, तशी मीही बोलोन्याला बहिणीकडे गेले. तिथे काय खाल्लं ते विचारू नका. लोण्यातला पास्ता झाला, मटणाच्या रश्श्यातला झाला, आणि "किती वाळलीस गं" म्हणत बहिणीने आग्रहाने वाढलेला तर रोजच होता.

सप्टेंबरात पहिलाच स्कर्ट कमरेशी अडला. ओरेस्ते मास्तरांनी चष्मा पुसला.

"कापड आटलंय," ते म्हणाले.

आटलंच असणार, असं मीही ठणकावून सांगितलं. मी केसभरही बदलत नाही हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं, आणि सगळ्यात जास्त मला! दुसरा स्कर्ट अडला तेव्हा इस्त्रीवालीला बोलणी बसली. तिसऱ्याला कापडगिरणीच्या मालकाला फोनवरून झापलं गेलं. शेवटी मास्तरांनी नवा कागद पसरला आणि सगळे कपडे पुन्हा बेतले, माझ्या अंगावर, चापूनचोपून. ते मला इतके शोभत होते की मी आरशासमोरून हलेना.

शोच्या दिवशी सकाळी मुली आल्या. पहिलीने स्कर्ट चढवला, हात सोडला, आणि स्कर्ट थेट घोट्यांशी! दुसरी कोटात शिरली ती सापडेचना. सिन्योरांनी मास्तरांकडे रोखून पाहिलं. मास्तरांनी तोच स्कर्ट मला चढवून दाखवला. बसला की अगदी मापात.

"माप बरोबर आहे," मास्तर हात झटकत म्हणाले. "मुलीच आटल्यात."

मुली पुरवणारा तुल्लियो पांढराफटक पडला. मुली रोडावल्याची बोंब पेपरात झाली तर त्याचा धंदाच बसला असता. त्याने कोपऱ्यावरच्या खानावळीतून केशर घातलेल्या रिसोत्तोची पातेलीच मागवली. मुली त्या भाताकडे परग्रहावरचा दगड बघावा तशा बघत राहिल्या.

"हे खरंच खायचं," एकीने हळूच विचारलं, "की फोटोपुरतं?"

त्यांना धीर द्यायला म्हणून मी त्यांच्या पंगतीला बसले. धीर बराच द्यावा लागला.

एवढं जेवूनही कपडे ढगळ ते ढगळच. बाकीचे कसेबसे टाचण्यांनी आवळले, पण शेवटचा रेशमी पोशाख टाचणी लागताच फाटला असता. सिन्योरांनी मास्तरांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला आणि सरळ माझ्या कमरेला लावला. चौदा वर्षांत पहिल्यांदा! कुणी श्वास घेईना. मी तर अजिबातच नाही.

"ओर्नेला, मुली आटल्या नाहीत."

"नाही, सिन्योरा."

माप चुकलं की माप बदलतात, आणि या शहरात माझी जागा घ्यायला बायका रांगेत उभ्या आहेत. पण बाहेर संगीत सुरू झालं होतं.

"तुझ्या मापाचा आहे ना? मग तूच चाल."

मास्तरांनी पोशाख चढवला, पाठीची चेन ओढली, गुडघा टेकवून पुन्हा ओढली. चेन अर्ध्यावरच रुसली आणि पाठ चांगली वीतभर उघडी राहिली. मी तशीच निघाले. वयाच्या चाळिशीत, पहिल्यांदाच पडद्याच्या पुढे! खरं सांगते, इतका अभिमान मला लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता. पुढच्या रांगेत बसलेल्या श्रीमंत बायका आमचे कपडे विकत घेऊन गुपचूप उसवून सैल करून घेणाऱ्या. त्यांनी माझा घेर पाहिला आणि त्या सावरून बसल्या. मी वळले, उघडी पाठ दिसली, आणि त्या टाळ्या वाजवत उभ्याच राहिल्या. संध्याकाळपर्यंत प्रत्येकीला तोच पोशाख हवा होता, आणि पाठ तशीच हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिन्योरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की ओर्नेला कुठेही जाणार नाही, हाच आपला नवा चाळीस नंबर. मी मान ताठ करून उभी राहिले. ती पाठ कागदावर उतरवायला मास्तर खडू घेऊन सज्ज झाले. त्यांनी मला पोशाख चढवला, चेनला हात लावला, आणि चेन सर्रकन मानेपर्यंत गेली.

सगळे माझ्या झाकलेल्या पाठीकडे बघत राहिले.

"अगं, कालची पाठ कुठे गेली?" सिन्योरांनी विचारलं.

"ती," मी मान खाली घालून म्हणाले, "जेवणानंतरची होती."