मागचं फाटक

भोपाळात बजेट पास झालं आणि रामाकोन्याचा वृद्धाश्रम चालवणाऱ्या शोभाताईंच्या हातातला चहा निवून गेला. नवा कागद सांगत होता, की यापुढे अनुदान मिळेल ते दिवसा येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या केंद्राला. मुक्कामी आश्रमाला नाही. इथले अठराही जण मुक्कामी. जायला घर असतं, तर ते इथे आले कशाला असते? अनुदान बंद म्हणजे महिनाभरात आश्रमाला कुलूप.

त्या अठरांतले बापूजी जन्मभर सौंसरच्या कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहीत बसलेले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला.

"ताई, यात येनं-जानं लिहिलं हाय. आमी सांजच्याले जाऊ, सकायी येऊ. तुमी काऊन रडून राहिल्या?"

त्याच दिवसापासून अठरा जण संध्याकाळी सही करून पुढच्या फाटकाने 'घरी' निघू लागले आणि भिंतीला वळसा घालून मागच्या फाटकाने जेवायला आत येऊ लागले. सकाळी तीच फेरी उलटी.

आणि मग ताई थक्क होत गेल्या. वर्षभर खाट न सोडलेल्या शकुबाई धुतलं लुगडं नेसून, हातात रिकामा डबा घेऊन निघायला लागल्या. गुणवंताजींनी उशिरा आल्याबद्दल माफीचा अर्ज दिला. कलाबाईंनी रविवारची सुट्टी मागितली. सकाळचा वळसाही लांबत लांबत मारुतीच्या पारापर्यंत गेला. तिथे गावातले म्हातारे बसलेले असत. त्यांच्यासमोर अठराही जण कचेरीला निघाल्यासारखे ऐटीत उठत, "चला बाप्पा, दफ्तराची वेय झाली."

एके सकाळी पांढुर्ण्याहून तपासणीचे साहेब आले आणि पुढच्या फाटकाशीच खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी सगळे घरी जाताना पाहूनच आपण जाणार, म्हणाले. अठरांची घरं ताई कुठून दाखवणार होत्या?

नऊ वाजता रस्त्यावर धूळ उठली. अठरांच्या मागे आणखी वीस-पंचवीस जण चालत येत होते, काठ्या टेकत, डबे सावरत.

"गावातले हायेत," शकुबाई ताईंच्या कानाशी म्हणाल्या. "कवापासून इचारून रायले होते, तुमच्या दफ्तरात जागा हाय का."

संध्याकाळी साहेब गावातल्यांपैकी दोघांच्या मागोमाग थेट त्यांच्या दारापर्यंत गेले. सुनांनी चहा पाजला. घरं खरी होती, माणसं खरी होती. साहेबांनी शेरा लिहिला, असं केंद्र जिल्ह्यात पाहिलं नाही.

गाडी गेली. ताईंनी आपल्या अठरा जणांसाठी मागचं फाटक उघडलं. अठरा आत आले, तरी रांग संपेना. साहेब ज्यांच्या घरी चहा प्याले, ते दोघंही तिच्यात होते.

"अहो श्रावणजी, तुम्हाला तर घर आहे," ताई त्यांतल्या एकाला म्हणाल्या.

"हाय ना, ताई. मोठं हाय," श्रावणजींनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "पन तिथं आमची हजेरी कोन घेते?"